बाबांच्या नावावर केलेलं वाद्य

आमच्या घरी नवीन माणूस आलं की खिडकीखालच्या टेबलाकडे बघून विचारतं, "हे काय आहे?" मी काही बोलायच्या आत बाबा कॉटवरून सांगतात, "वाद्य आसा. झिलान माज्यासाठी केल्यान." मुलाने बापासाठी केलं म्हटल्यावर ते माणूस माझ्याकडे कौतुकाने बघतं आणि मी चहाचं सांगायला म्हणून आतल्या खोलीत जातो. चहा बहुतेक वेळा आधीच ठेवलेला असतो.

ते वाद्य मी बाबांसाठी केलेलं नाही. एवढं एकदा सरळ लिहावं म्हणून बसलो आहे. बाबा पेपरापलीकडे काही वाचत नाहीत, त्यामुळे हे त्यांच्या हाती पडणार नाही. ते पडणार नाही याची खात्री करून मगच लिहायला घेतलं, याचीही लाज वाटते.

आम्ही लालबागला राहतो, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. बाबा गिरणीत होते, पण चाळीत त्यांना गिरणीवरून कोणी ओळखत नाही. ते बुवा. आमच्या कोकणी भजनात जो पेटी पुढ्यात घेऊन मधोमध बसतो आणि गातो, आणि ज्याच्यामागून पखवाज, झांजा आणि बाकीच्यांचे आवाज जातात, तो बुवा. दोन मंडळांची बारी लागली की दोन बुवा समोरासमोर बसून गाण्यातूनच एकमेकांची उणीदुणी काढतात. बाबांनी परळपासून वरळीच्या बीडीडी चाळींपर्यंत अशा बाऱ्या केल्या. समोरच्या बुवाला ते असा चिमटा काढायचे की तोही हसायचा.

काही वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. घरात कप अर्धा भरून द्यायची सवय लागली, शर्टाची बटणं मी लावू लागलो. पेटीवर एका पट्टीऐवजी दोन दाबल्या जायला लागल्या तेव्हा त्यांनी पेटीला टॉवेल गुंडाळला आणि ती मंडळाच्या कपाटात पाठवून दिली. भजनाला जायचे, पण कडेला भिंतीला टेकून बसायचे.

घरी मात्र त्यांचं वाजवणं चालू होतं. दुपारी जेवण झालं की कॉटच्या लोखंडी पट्टीवर त्यांची बोटं फिरत. डोळे मिटलेले, मान किंचित कललेली, ओठांत अभंग. बोटं थरथरायची, चुकीच्या जागी पडायची, पण त्यांना आतून जे ऐकू येत होतं ते बिनचूक असणार. कारण मधेच ते स्वतःशीच हळू "वा" म्हणायचे.

मी माटुंग्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत काम करतो. मुलांची प्रॅक्टिकल्स मांडून देणं, बिघडलेलं दुरुस्त करणं, हे माझं काम. त्या वाद्याबद्दल मला तिथेच कळलं. एका मुलाने मोबाइलवर दाखवलं: एक बाई खोक्यासमोर उभी आहे, खोक्याला एक उभी सळई आणि बाजूला एक वाकवलेली कडी, आणि ती कशालाही हात न लावता हवेत बोटं हलवतेय आणि खोका गातोय. त्याचं नाव थेरेमिन.

शंभरेक वर्षांपूर्वी रशियात एक शास्त्रज्ञ वायू मोजायचं यंत्र बनवत होता. यंत्रातून शिट्टीसारखा आवाज यायचा, आणि हात जवळ नेला की तो चढायचा, लांब नेला की उतरायचा. हा माणूस हौसेने चेलो वाजवणारा. त्याने मोजमाप बाजूला ठेवलं आणि त्या शिट्टीवर ओळखीची चाल वाजवून बघितली. विजेवर चालणाऱ्या अगदी सुरुवातीच्या वाद्यांपैकी हे एक. आतली युक्ती सोपी आहे. दोन सर्किटं असतात, दोन्हींची कंपनं इतकी जलद की कानाला ऐकू येत नाहीत. एकाचं कंपन ठरलेलं, दुसऱ्याचं सळईजवळच्या हातामुळे बदलतं. दोन्हींमधला जो फरक, तो आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. उजवा हात सळईपाशी, त्याने सूर ठरतो. डावा हात कडीपाशी, त्याने आवाज लहानमोठा होतो. हात कडीजवळ नेला की आवाज विझत जातो, काढला की पूर्ण मोठा होतो.

मला ते इतकं का भावलं, हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं नव्हतं. आता सांगतो. लहानपणी मी एकदा बाबांची पेटी वाजवत बसलो होतो. ते गॅलरीतून आत आले, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "उठ. तुज्या हातात सूर नाय." रागाने नाही म्हणाले. एखाद्याची उंची सांगावी तसं म्हणाले. त्यानंतर मी पेटीला हात लावला नाही आणि त्यांनीही कधी लाव म्हटलं नाही. पन्नाशी उलटल्यावर मला असं वाद्य हवं होतं ज्याला पट्ट्या नाहीत, भाता नाही, जे लालबागच्या कुठल्या बुवाने ऐकलेलं नाही. ज्याच्याबद्दल बाबांना बोलता येणार नाही. त्यांना न येणारं वाद्य मला हवं होतं.

शनिवारी कॉलेज सुटलं की लॅमिंग्टन रोडला जायचो. ट्रान्झिस्टर, रेझिस्टर सहज मिळाले. जुन्या रेडिओत स्टेशन फिरवायला असतो तो गँग मात्र कोणाकडे नव्हता. शेवटी भंगारात काढलेल्या एका रेडिओतून तो मिळाला, आणि त्याच रेडिओची लांब होणारी एरियल सळई म्हणून घेतली. कडीसाठी फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून तांब्याची नळी आणली आणि घरच्या कुकरभोवती वाकवून गोल केली. कॉइल गुंडाळायला प्लंबरकडचा पांढरा पाइप. तार गुंडाळताना वेढा वेढ्यावर चढला की सगळं उलगडून पुन्हा. खोका प्लायवूडचा. अर्थिंगची वायर न्हाणीतल्या नळाच्या पाइपला बांधली.

पहिल्यांदा आवाज आला तो असा, की बायको ओट्यापाशी होती ती लाटणं घेऊनच बाहेर आली.

"अहो, काय पिळताय?"

"सूर आहे हा."

"शेजारची विचारतेय, मांजर अडकलंय का कुठे म्हणून. आणि हे टेबल कधी रिकामं होणार? दोन खोल्यांत माणसं राहायची की वायरी?"

तिचं बरोबर होतं. त्या टेबलावर आम्ही जेवायचो. आता ताटं मांडीवर आली होती. मला वाद घालायचा नव्हता, कामात व्यत्यय नको होता. सोल्डरिंगची गन हातात तशीच धरून मी म्हणालो, "बाबांसाठी करतोय गं. याला पट्ट्या दाबाव्या लागत नाहीत. त्यांना पेटी येत नाही ना आता."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि इतकं चपखल बसलं की मलाच क्षणभर खरं वाटलं. बायको लाटणं घेऊन आत गेली. थोड्या वेळाने चहा आणून ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती टेबल स्वतः पुसायची, सुटे भाग न हलवता, सभोवतीने.

बाबा कॉटवर होते, पाठ आमच्याकडे. झोपलेत असं मला वाटलं होतं. संध्याकाळी मी दूध घेऊन जिना चढत होतो तर तळमजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "बुवा परत येतायत म्हणे. तुम्ही कायतरी यंत्र करताय ना त्यांच्यासाठी?" पुढच्या दिवसांत चाळीत असं कोणी उरलं नाही ज्याला हे माहीत नव्हतं. कधी काही न मागणारे माझे वडील, येईल जाईल त्याला सांगत होते की माझा मुलगा माझ्यासाठी वाद्य करतोय.

त्याच वेळी खरं सांगून टाकता आलं असतं. मी सांगितलं नाही, कारण त्या एका वाक्याने मला टेबल मिळालं होतं, वेळ मिळाला होता आणि चांगला मुलगा म्हणून नावही मिळत होतं.

आता जे लिहायचं ते अवघड आहे. मला माहीत होतं की हे वाद्य थरथरत्या हातासाठी नाही. ते जवळचं प्रत्येक अंग ऐकतं. मी सराव करताना बाबा कॉटवर कूस बदलायचे आणि माझा सूर हलायचा. मग मी म्हणायचो, "बाबा, जरा गॅलरीत बसता?" ते लगेच उठायचे. "होय होय, भायर बसतंय मी," म्हणत भिंतीला धरून जायचे, गॅलरीतल्या स्टुलावर बसायचे आणि तिथून ऐकत राहायचे. आपल्यासाठी चाललंय म्हणून. उन्हात, कधी तासभर. मधून विचारायचे, "झिला, जमला काय रे?"

एकदा त्यांनी हौसेने हात पुढे केला. हाताची थरथर जशीच्या तशी आवाजात उतरली. पेटीवर चुकीची पट्टी दाबली गेली तरी निदान एक सूर तरी धड लागतो. इथे एकही सूर धड नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "ट्यूनिंग व्हायचंय अजून, बाबा." त्यांनी मान हलवली आणि हात मागे घेतला. ट्यूनिंग आदल्याच दिवशी झालं होतं.

माघात आमच्या चाळीत सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा असते. संध्याकाळी चौकात भजन. मंडळाच्या लोकांनी ठरवलं की या वर्षी बुवांच्या वाद्याने सुरुवात करायची. मला नाही म्हणता आलं असतं. पण मी एक अभंग बसवला होता, आणि तो चाळीसमोर वाजवायची मला घाई झाली होती. माझी योजना अशी होती की बाबा सळईजवळ नुसता हात नेतील, जरा आवाज येईल, टाळ्या पडतील, नारळ फुटेल, आणि मग मी उभा राहीन.

टेबल खाली नेलं. मंडपवाल्याच्या स्पीकरला वायर जोडली, अर्थिंग चौकातल्या नळाला. सतरंजीवर पुढे बसलेल्या बायकांना मी चारदा सांगितलं, "जरा मागे सरका, सूर बिघडतो." त्या हसत सरकल्या. एक म्हणाली, "तुझ्या वाद्याला माणसं चालत नाहीत वाटतं रे?" सेक्रेटरींनी माइकवर सांगितलं की वडिलांसाठी असं करणारा मुलगा आजच्या काळात विरळा. टाळ्या झाल्या. बाबा खुर्चीवर बसले होते, धुतलेला सदरा, खांद्यावर शाल. वाद्य त्यांच्यासमोर होतं, म्हणजे ते बुवाच्या जागेवर होते.

मंडळाची रीत मी विसरलो होतो. बुवा सूर देतो, त्या सुराला पखवाज लावला जातो, आणि पखवाज लागल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. हे त्यांच्यात इतकं मुरलेलं आहे की समोर पेटी आहे की माझा खोका, याचा त्यांनी विचारच केला नाही. पखवाजवाले काका बाबांच्याच वयाचे, पूर्वी गिरणीत एकाच खात्यात दोघं. त्यांनी पखवाज मांडीवर घेतला, डाव्या तोंडाला कणीक चोपडली, हातोडी उचलली आणि म्हणाले, "बुवा, सूर द्या."

बाबांनी हात पुढे केला.

स्पीकरमधून तो आवाज चौकभर गेला. काकांनी कान लावला, पखवाजावर थाप मारली, आणि वादीखालचे लाकडी गट्टे हातोडीने ठोकून चढवले. तोवर सूर खाली आला होता. त्यांनी गट्टे उतरवले. सूर वर गेला. पुन्हा चढवले. कोणी हसलं नाही. झांजवाल्यांनी झांजा मांडीवर पालथ्या ठेवल्या आणि वाट बघत राहिले.

"बुवा, जरा थिर," काका म्हणाले. मग आणखी हळू, "थांबा, थांबा. मीच येतो तुमच्यापाशी."

आणि ते खरंच जात राहिले, हातोडीने ठोकत, त्या हलत्या सुरामागे. त्यांना वाटत होतं की चूक त्यांच्या पखवाजाची आहे. बुवाचा सूर चुकतो हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

बाबांनी उजवा हात स्थिर करायला डाव्या हाताने मनगट धरलं. त्यामुळे डावा हात कडीपासून निघाला आणि आवाज एकदम पूर्ण मोठा झाला. आता थरथर सगळ्या चाळीला ऐकू येत होती. वरच्या मजल्यांवरून माणसं कठड्याशी आली. मी टेबलाला लागून उभा होतो. स्विच माझ्या हाताशी होता. मी तो बंद केला नाही. मी माझ्या पाळीची वाट बघत होतो, आणि बंद केलं तर पुन्हा सुरू करताना सगळं लावावं लागेल, असा विचार माझ्या मनात आला होता.

शेवटी काकांनीच हातोडी खाली ठेवली. "पखवाजच बसलाय आज," ते म्हणाले. "कणीक पातळ झाली."

बाबांनी हात शालीखाली घेतला. समोर माइक होता, त्यामुळे ते हळू बोलले तरी सगळ्यांना ऐकू गेलं. "पखवाज बरो आसा. मशीनय बरी आसा. हात माजो वायट."

मग मंडळाच्या आताच्या बुवांनी पेटी पुढे ओढली, पांढरी चारचा सूर धरला, आणि भजन सुरू झालं.

गोष्ट इथे थांबली असती तरी पुरे होतं. पण आरतीनंतर सेक्रेटरी म्हणाले, "आता तुम्ही ऐकवा ना काहीतरी," आणि मी ऐकवलं. पूर्ण अभंग वाजवला. चांगला झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर येताना जिन्यात बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून थांबले, दम खाल्ला आणि म्हणाले, "सूर लागलो हां तुजो."

हे ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो. जिन्यात दिव्याखाली उभा राहून मला वाटलं, हे त्यांनी परत घ्यावं.

त्या दिवसानंतर कॉटच्या पट्टीवर त्यांची बोटं चालली नाहीत. आधी मला वाटलं थकवा असेल. मग लक्षात आलं. त्यांचा हात कसा आहे हे त्यांना तोपर्यंत दिसत होतं, ऐकू आलं नव्हतं. मी ते त्यांना ऐकवलं होतं, स्पीकर लावून. आता दुपारी ते भिंतीकडे तोंड करून पडतात. पाहुणे आले की उजवा हात चादरीखाली घेतात.

बायकोने एक दिवस भाजी निवडताना वर न बघता विचारलं, "खरं सांगा. हात थरथरला की असं होणार, हे ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"अंदाज होता."

"अंदाज," ती म्हणाली. टेबल पुसणं तिने सोडलं. धूळ आता मीच पुसतो.

मी बाबांना म्हटलं, "हे खोलून टाकतो. जेवायला जागा होईल."

"नको," ते म्हणाले. "लोक काय म्हणतले? झिलान बापाशीक करून दिल्यान आणि बापाशीन वाजवल्यान नाय. रवांदे थंयच."

"बाबा, ते मी खरं तर…"

"रवांदे म्हटलं मा?"

त्यांना कळलं आहे की नाही, मला माहीत नाही. ते राहू दे म्हणाले, म्हणून वाद्य तिथेच राहिलं. मुलाने आपल्यासाठी केलं, ही एकच गोष्ट त्यांना आल्यागेल्याला सांगायला उरली आहे. खरं सांगून मी मोकळा होईन आणि ती त्यांच्याकडून जाईल. असं मी स्वतःला सांगतो, आणि हेही मला सोयीचंच आहे हे दिसतं.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी आले. त्यांच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला, एक हात हलतो पण ताबा नाही. पूर्वी ती बाई घरोघरी मंगळागौरीची गाणी सांगायला जायची, पेटीवर बसायची. ते जरा वेळ वाद्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "बाबांना केलंत तसं एक आईला करून द्याल? सामान मी आणतो. तुम्ही सांगाल ते."

माझ्या आधी बाबा बोलले. "करीत मा. कित्याक नाय? माका केल्यान."

मी शेजाऱ्यांना घेऊन बाहेर गॅलरीत आलो. दार ओढून घेतलं. म्हणालो, "आईंना हे देऊ नका. हाताचा प्रत्येक धक्का ऐकवतं ते. अशा हाताला याच्याइतकं वाईट दुसरं वाद्य नाही."

ते गोंधळले. "मग बाबांना कसं दिलंत?"

खाली चौकात मुलं बॉल आपटत होती. एवढा साधा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. उत्तर तयार होतं, एका वाक्याचं: त्यांच्यासाठी केलंच नव्हतं. ते माझ्या तोंडाशी आलं होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या दंडाला हात लावला. "वडिलांसाठी करायला गेलात ना. होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

मी नाही म्हणालो नाही. ते जिना चढून गेले. आत आलो तर बाबा उठून बसले होते, चादर गुडघ्यांवर.

"काय ठरला?" त्यांनी विचारलं. "करतस मा तेच्या आवशीक?"

"बघू म्हटलं," मी म्हणालो, आणि चहाचं सांगायला आत गेलो नाही. तिथेच त्यांच्या कॉटवर बसलो. थोड्या वेळाने त्यांनी पाय जरा आवरून घेतले, मला नीट बसता यावं म्हणून.